दरवर्षी त्याच महिन्यात येणारी सर्दी: बेळगाव सीमाभागातल्या मुलामुलींसाठी ॲलर्जीची ओळख आणि उपचार

खानापूरकडे भाताची मळणी सुरू झाली, निपाणी-चिक्कोडीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या, की अनेक घरांत एखादं पोर सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा शिंका देतं. घरचे म्हणतात थंडी बाधली. मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी येते, चार दिवस गुंगीत जातात आणि नाक परत वाहायला लागतं. दोन महिन्यांनी सगळं आपोआप थांबतं आणि विसरलं जातं. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा तेच.

साधी सर्दी कधी येईल ते सांगता येत नाही. ॲलर्जीची सर्दी मात्र तारीख धरून येते, म्हणून ती यायच्या आधीच औषध सुरू करता येतं. बहुतेकांचं इथेच चुकतं: त्रास टिपेला पोचल्यावर गोळ्या शोधायच्या आणि ओसरला की सोडून द्यायच्या. खाली दिलेला क्रम आधी ओळख, मग वही, मग औषध असा आहे, तो उलटा करू नका.

लेख १२ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. औषधांची मापं १२ वर्षं पूर्ण झालेल्यांची आहेत, ती बघून धाकट्या भावंडाला औषध देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार, फिट्स, काचबिंदू किंवा दुसरं कुठलं औषध रोज चालू असेल, तर कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पहिल्यांदा औषध सुरू करताना घरच्यांना सांगून, डॉक्टरांना एकदा दाखवून सुरू करा. पुढच्या वर्षांचं बरंच काम मग तुमचं तुम्हाला जमतं.

पायरी १: ही ॲलर्जीच आहे का?

ॲलर्जीत शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला, म्हणजे परागकण, बुरशीचे कण किंवा धुळीतले सूक्ष्म किडे यांना, शत्रू समजतं. त्या गोष्टीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि नाकाच्या, डोळ्यांच्या अस्तरातल्या पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामाइन सोडतात. खाज, शिंका आणि पाणी हे त्या हिस्टामाइनचं काम. नाक चोंदणं थोडं उशिरा येतं, कारण त्यामागे अस्तराची सूज असते. गोळीने शिंका थांबतात पण चोंदलेलं नाक सुटत नाही, ते यामुळे.

शरीराला हा गैरसमज व्हायला वेळ लागतो, कधी एक-दोन हंगामही. गावाकडून पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, बेळगावला येऊन राहिलेल्या मुलाला पहिल्या वर्षी काहीच होत नाही आणि दुसऱ्या वर्षी नाक वाहायला लागतं, यात नवल नाही. लहानपणी कधी त्रास नव्हता म्हणून ॲलर्जी नसणार, असं समजू नका.

ओळखायच्या खुणा:

- शिंका एकामागून एक, झटक्यात येतात.
- नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव गळतो.
- नाक, डोळे, टाळू किंवा कानाच्या आत खाज सुटते. ही सगळ्यात भरवशाची खूण. साध्या सर्दीत डोळे इतके खाजत नाहीत.
- ताप नसतो, अंग मोडून येत नाही.
- दहा दिवस उलटले तरी थांबत नाही. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरते.
- घर, गाव किंवा शिवार बदललं की फरक पडतो.

आरशातही थोडं दिसतं. तळहाताने नाक वर घासत राहिल्याने नाकाच्या शेंड्यावर आडवी रेघ उमटते, डोळ्यांखाली काळसर सावली येते. आई-वडिलांपैकी कुणाला दमा, इसब किंवा असाच त्रास असेल तर शक्यता आणखी वाढते.

काही लक्षणं या यादीत बसत नाहीत आणि त्यांना डॉक्टर लागतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा किंवा रक्ताचा स्राव, गालात आणि कपाळात दुखून घट्ट पिवळा स्राव, ताप, डोळा लाल होऊन दुखणं, नजर धूसर होणं. यांना ॲलर्जी म्हणून अंगावर काढू नका.

त्रास किती आहे हेही इथेच ठरवा. डॉक्टर सोपा हिशेब लावतात: आठवड्यात चार किंवा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून अधिक त्रास असेल तर तो टिकून राहणारा. झोप मोडते का, अभ्यास किंवा खेळ बुडतो का? यातल्या एकालाही हो असेल तर तो सौम्य नाही. सौम्य आणि अधूनमधून होणाऱ्या त्रासाला गोळी पुरते. बाकीच्यांना नाकाचा स्प्रे लागतो.

पायरी २: वही

शाळेच्या जुन्या वहीची चार पानं पुरतात. रोज रात्री एक ओळ: तारीख, गाव किंवा ठिकाण, हवा कशी होती (वारा, पाऊस, धुकं), दिवसभर विशेष काय केलं (मळणी, मैदान, घर झाडणं, यात्रा), आणि चार आकडे. शिंका, वाहणं, चोंदणं, डोळ्यांची खाज, प्रत्येकाला ० ते ३. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे जाणवतं पण चालतं, दोन म्हणजे त्रास होतो, तीन म्हणजे कामच सुचत नाही. बेरीज १२ पैकी. शेवटी घेतलेलं औषध.

दोन आठवड्यांत काहीतरी आकार दिसू लागतो. रविवारी शेतावर गेलं की आकडा चढतो का? दोन दिवस पाऊस पडला की उतरतो का? घरातच, अंथरुणात पडल्यावर वाढतो का? पाऊस पडल्यावर उतरला तर कारण बहुधा बाहेरच्या परागकणात आहे. पावसाने वाढला आणि बंद खोलीत जास्त झाला, तर बुरशीवर किंवा अंथरुणातल्या किड्यांवर संशय घ्या. डॉक्टरांना ही वही दाखवली की तपासणीचे बरेच पैसे वाचतात.

पायरी ३: आपल्या भागात केव्हा काय उडतं

पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा धो धो पाऊस आणि पूर्वेला अथणी-रामदुर्गची कोरडी माती, असा हा एकच जिल्हा. खानापूरच्या मुलीचा वाईट महिना आणि सौंदत्तीच्या मुलाचा वाईट महिना वेगळा निघू शकतो. तरी ढोबळ आराखडा असा.

जून ते सप्टेंबर बुरशीचा काळ. खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरातल्या जुन्या कौलारू घरांत भिंतींना ओल येते, ट्रंकेतले कपडे कुबट होतात, पुस्तकांच्या कडांवर ठिपके दिसतात. अंथरुणातले सूक्ष्म किडेही दमट हवेत वाढतात. या दिवसांत बाहेरपेक्षा घरातच जास्त शिंका येत असतील तर कारण इथे शोधा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर गवताचा हंगाम. पाऊस ओसरला की बांधावरचं, माळावरचं गवत फुलोऱ्याला येतं. हरळी, रानगवतं, काटेमाठ यांची फुलं नजरेत भरत नाहीत, पण वाऱ्यावर पराग सोडतात ती हीच. याच दिवसांत रस्त्याकडेला आणि मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरतं. काहीजण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. भारतात त्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. नाकाला त्रास देतंच, शिवाय कातडीला लागून इसबासारखे चट्टे आणतं: पापण्या, मान, कोपराच्या खाचा. शाळेच्या श्रमदानात हे गवत उघड्या हातांनी उपटायला लावतात. तसं करू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, आणि फूल येण्याआधी उपटणं. आधीच चट्टे उठत असतील तर सरळ सरांना सांगून त्या दिवशी दुसरं काम मागा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुगी आणि गाळपाचा काळ. खानापूर भागात भाताची मळणी, पिंजर रचणं. पूर्वेला पुढे शाळूची काढणी, कडबा. संकेश्वर, उगार, चिक्कोडी पट्ट्यात पाचट जाळल्याचा धूर. धूर आणि तंबाखूची धूळ ही ॲलर्जीची कारणं नव्हेत, ती नाक चिडवणारी द्रव्यं आहेत. पण सुजलेल्या नाकाला ती दुप्पट झोंबतात. निपाणीच्या वखारींजवळ किंवा शहापूर-वडगावात मागाच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. थंडी सुरू होताच वर्षभर ट्रंकेत राहिलेले स्वेटर आणि वाकळा बाहेर निघतात, त्यांची धूळ ही आणखी एक भर.

फेब्रुवारी ते एप्रिल झाडांचा हंगाम. वावळा पानगळीनंतर फुलतो आणि भरपूर पराग वाऱ्यावर सोडतो. कोरड्या पूर्व भागात वेडी बाभूळ, तिला कन्नडमध्ये बळ्ळारी जाली म्हणतात. दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, आणि पीयूसीची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते, हे ध्यानात ठेवा.

लोक आंब्याच्या मोहोराला, गुलमोहराला आणि झेंडूला दोष देतात. रंगीत, वासाची फुलं बहुतेक किड्यांसाठी असतात, त्यांचा पराग जड आणि चिकट असतो, तो फारसा उडत नाही. खरे चोर सहसा दिसायला साधे असतात.

गुलाल आणि भंडारा वेगळाच विषय. गणपती विसर्जनाचा गुलाल, माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतला भंडारा: ही भुकटी कुणाच्याही नाकाला झोंबते. ॲलर्जी असलेल्यांनी जावं, पण मास्क लावून आणि चष्मा घालून. घरी आल्यावर लगेच अंघोळ.

पायरी ४: कण नाकापर्यंत पोचू न देणं

सगळं टाळता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका, हंगामभर घरात कोंडून घेतलेलं मूल दुसऱ्या कारणाने आजारी पडतं. फायदा देणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत.

बाहेरून आल्यावर कपडे बदलणं, हातपाय-तोंड धुणं, आणि रात्री झोपायच्या आधी केस धुणं किंवा निदान ओल्या टॉवेलने पुसणं. लांब केसांत दिवसभराचा पराग अडकतो आणि रात्रभर उशीवर उतरतो. मळणीच्या दिवशी किंवा सायकलवरून शाळेला जाताना नाकाला घट्ट बसणारा मास्क आणि साधा चष्मा. ओढणी किंवा रुमालाने धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. नाकपुडीच्या कडेला आतून-बाहेरून व्हॅसलीनचा पातळ थर लावला तर काही कण तिथेच चिकटतात. बाम मात्र नाकाच्या आत लावायचा नाही.

हंगामात चादरी आणि युनिफॉर्म गवताळ परड्यात वाळत घालू नका. अंथरुणातल्या किड्यांसाठी उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला एकदा ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवा. वाकळ धुणं जमत नसेल तर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका, मग झटका, आणि झटकायचं काम ॲलर्जी नसलेल्या माणसाला द्या. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. झोपायच्या खोलीत डासांची कॉइल आणि धूप नको, त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

पायरी ५: मिठाच्या पाण्याने नाक धुणं

आपल्याकडे जलनेती ओळखीची आहे, पण ती चुकीच्या पाण्याने केली जाते. विहिरीचं, नळाचं किंवा टाकीचं कच्चं पाणी नाकात कधीही घालायचं नाही. गोड्या पाण्यात क्वचित असणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो आणि तो आजार जवळजवळ नेहमी जीवघेणा ठरतो. तेच पाणी प्यायल्याने तो आजार होत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. घरातल्या फिल्टरचं पाणीही या कामाला चालत नाही.

अर्धा लिटर पाणी खळखळ उकळी आल्यावर पुढे एक मिनिट उकळू द्या. झाकून कोमट करा. त्यात सपाट पाऊण छोटा चमचा मीठ (साधारण साडेचार ग्रॅम) आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर चांगलं, काहींच्या नाकाला आयोडीन झोंबतं. मेडिकलमध्ये यासाठी मोजलेल्या पुड्या आणि पिळायची बाटली मिळते. हिशेब टाळायचा असेल तर ते सोपं.

बेसिनवर पुढे वाका, डोकं थोडं कलतं करा, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत हळू पाणी सोडा, ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. साधारण १०० ते १२० मिलिलिटर, मग दुसरी बाजू. नंतर पुढे वाकूनच नाक हलके शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावला तर पाणी कानाच्या नळीत चढतं आणि कान दुखतो. पाणी झोंबलं तर मिठाचं माप चुकलंय, कमी पडलं तरी झोंबतं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी धुऊ नका. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, भांडं धुऊन पूर्ण वाळवायचं.

पायरी ६: गोळी

गोळ्यांच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव कंपनीचं असतं. तुम्हाला वाचायचं आहे ते खालचं बारीक नाव. जनऔषधी केंद्रात तीच औषधं कमी किमतीत मिळतात.

सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. साधारण तासाभरात काम सुरू होतं. काहींना झोप येते, म्हणून रात्री घ्या. लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, रात्री. लोराटाडिन १० मिलिग्रॅम, एकदा, झोप कमी येते. फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम, एकदा, झोप सगळ्यात कमी. ही गोळी साध्या पाण्यानेच घ्यायची. संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस घेतला तर ती आतड्यातून नीट शोषली जात नाही आणि वाटतं की गोळी निकामी आहे. ॲसिडिटीचं पांढरं औषधही तिच्याबरोबर नको.

यातली एकच निवडा. दोन एकत्र घेतल्याने फायदा दुप्पट होत नाही, गुंगी मात्र वाढते. आणि हंगामात रोज घ्या. त्रास झाला की घ्यायची, नाही झाला की सोडायची, या पद्धतीत गोळी नेहमी हिस्टामाइनच्या मागे धावत राहते.

क्लोरफेनिरामिन असलेल्या जुन्या गोळ्या, म्हणजे सर्दीच्या बहुतेक मिश्र पट्ट्या, शाळेच्या दिवसांत टाळा. झोप येते एवढंच नव्हे, जागं असतानाही लक्ष आणि आठवण मंदावते. शिवाय त्यात पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं आणखी एक औषध असतं, ज्याची ॲलर्जीत गरजच नसते.

पायरी ७: नाकाचा स्प्रे, आणि तो नीट मारणं

मध्यम किंवा जास्त त्रासावर सगळ्यात चांगलं काम करतं ते स्टिरॉइडचं नाकातलं फवारा-औषध: फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. प्रत्येक फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम असेल तर १२ वर्षांवरच्यांना सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा. त्रास आटोक्यात आल्यावर डॉक्टर एक-एकवर आणतात.

'स्टिरॉइड' शब्द ऐकून घरात आजी-आजोबा घाबरतात. त्यांची भीती गोळ्या आणि इंजेक्शनच्या बाबतीत रास्त आहे. स्प्रेमधलं औषध नाकाच्या अस्तरावरच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. तरीही वर्षातले दोन-तीन महिन्यांहून जास्त सलग लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते वाढीच्या वयात उंचीकडेही लक्ष ठेवतात.

लोक हा स्प्रे दोन दिवस मारून 'काही फरक नाही' म्हणून फेकून देतात. पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून वहीतून कळलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा. गवताचा त्रास ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असेल तर सप्टेंबरच्या मध्याला.

मारायची पद्धत:

१. बाटली हलवा. नवी असेल किंवा आठवडाभर वापरली नसेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत फवारा.
२. नाक शिंकरून मोकळं करा. मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर ते आधी, स्प्रे नंतर. उलट केलं तर औषध धुऊन जातं.
३. मान किंचित पुढे झुकवा. मागे टाकू नका.
४. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. यामुळे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं.
५. टोक थोडंसंच आत, नाकाच्या मधल्या पडद्यापासून लांब.
६. दाबा आणि दाबतानाच हळू श्वास घ्या, फुलाचा वास घेतो तितकाच. तोंडाने सोडा.
७. टोक पुसून झाकण लावा.

नाकातून रक्ताचे ठिपके आले तर टोक मधल्या पडद्यावर रोखलं जातंय, चौथी आणि पाचवी कृती तपासा. घशात कडू चव आली तर श्वास फार जोरात ओढला जातोय, औषध नाकात न राहता पोटात गेलं. रक्त थांबत नसेल तर स्प्रे बंद करून डॉक्टरांकडे जा. बाटलीवर फवाऱ्यांची संख्या असते. १२० असतील आणि रोज चार जात असतील तर ती ३० दिवसांची झाली. त्यानंतरही हलवली की आत काहीतरी खळखळतं, पण मापाचं औषध येईलच असं नाही.

पायरी ८: डोळे

पहिला उपाय थंड पाण्याची पट्टी, पाच-दहा मिनिटं. पुरलं नाही तर ओलोपाटाडिन ०.१ टक्का, प्रत्येक डोळ्यात एक थेंब, दिवसातून दोनदा, मध्ये सहा ते आठ तासांचं अंतर. खालची पापणी ओढून तयार होणाऱ्या खाचेत थेंब सोडा, डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा.

डोळे चोळणं ही सगळ्यात महाग सवय. वर्षानुवर्षं जोरात चोळल्याने बुबुळाचा समोरचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. किशोरवयात, मुलींपेक्षा मुलांत जास्त, उन्हाळ्यात डोळ्यांची एक तीव्र ॲलर्जी होते: उजेड सहन न होणं, दोऱ्यासारखा चिकट स्राव, सकाळी डोळा उघडायला त्रास. हिला नेत्रतज्ज्ञच लागतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांनी डोळे एका दिवसात स्वच्छ झाले, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी. असे थेंब महिनोन्महिने घातले की डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, आणि दाब वाढलेला कळतही नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन वाचलं तर नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय घालू नका.

जे टाळायचं

नाक लगेच मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, जास्तीत जास्त तीन ते पाच दिवस. पुढे चालू ठेवले की थेंबांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब, असं चक्र सुरू होतं.

सर्दी 'मुळापासून' काढणारं इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असतं. एका हंगामी शिंकेसाठी ते घेणं योग्य नाही. कशाचं आहे ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर नाही म्हणा.

मोंटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. मोंटेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये कडक इशारा दिला: काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, जीव द्यावासा वाटणं असे परिणाम होतात. दम्यासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, पण मन बदलल्यासारखं वाटलं तर ते परीक्षेचं टेन्शन समजून गप्प बसू नका. त्याच दिवशी घरी आणि डॉक्टरांना सांगा.

वाफ, हळदीचं दूध, तुळशीचा काढा यांनी घशाला बरं वाटतं, ॲलर्जी थांबत नाही. घ्यायला हरकत नाही. उकळत्या पातेल्यावर पांघरूण घेऊन बसणं मात्र नको, पातेलं कलंडून भाजतं.

नाक सोडून छाती धरली तर

नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा जोडीने राहतात. रात्री किंवा पहाटे खोकला, खेळताना छाती आवळणं, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज: यातलं काही असेल तर वरचे उपाय अपुरे आहेत, तपासून घ्या. इन्हेलरची 'सवय लागते' ही समजूत चुकीची आहे.

ज्यांना आधीच सालब्युटामॉलचा इन्हेलर दिलाय त्यांनी दम लागल्यावर ताठ बसून स्पेसरमधून, म्हणजे इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळीतून, एक फवारा घ्यावा आणि चार श्वास ओढावेत. असे चार फवारे, एकेक करून. चार मिनिटं थांबून फरक नसेल तर पुन्हा चार, आणि लगेच १०८ ला फोन. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर झालेत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, अशा वेळी दुसऱ्या फेरीची वाट न बघता १०८.

तपासणी कधी

दोन हंगाम स्प्रे नीट वापरूनही आटोक्यात येत नसेल, किंवा कारण सापडत नसेल तर. बेळगावात सिव्हिल किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला कान-नाक-घसा विभाग हे सुरुवातीचं ठिकाण, जाताना वही न्या. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी ॲलर्जीची गोळी पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागते, नाहीतर चाचणी खोटी 'नाही' दाखवते. नाकाचा स्प्रे बंद करावा लागत नाही. शंभर-दोनशे पदार्थांची रक्त पॅकेजं घेऊ नका. चाचणीत एखादी गोष्ट आली म्हणजे त्रास तिच्यामुळेच होतो असं नसतं, आणि त्या कागदावरून मुलांचं दूध, शेंगदाणे, वांगी बंद केली जातात.

इम्युनोथेरपी, म्हणजे कारण असलेल्या पदार्थाचे वाढते डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणं, तीन ते पाच वर्षं चालते. पुढे कॉलेजला पुणे किंवा हुबळीला जाणार असाल तर ती तिथे चालू राहील का, हे आधीच विचारून घ्या. इंजेक्शन घेतल्यावर निदान ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं असतं, कारण तीव्र प्रतिक्रिया आली तर ती बहुधा तेवढ्यात येते.

परीक्षेच्या वर्षाचं वेळापत्रक

मार्च-एप्रिल तुमचा वाईट काळ असेल तर फेब्रुवारीच्या मध्याला स्प्रे सुरू करा. गोळी बदलायची असेल तर जानेवारीतल्या एखाद्या रविवारी घेऊन बघा, झोप येते का ते कळेल. परीक्षेच्या दिवशी नवं औषध पहिल्यांदा घ्यायचं नाही. सकाळी निघण्याआधी नाक धुऊन स्प्रे, खिशात दोन रुमाल. डोळ्यांचे थेंब लागत असतील तर आत नेता येतील का, हे आदल्या आठवड्यात शाळेत विचारून ठेवा.